मरणाऱ्या ताऱ्याची हिरवी रेघ आणि पुण्याचे पारशी प्रोफेसर

विजयदुर्ग किल्ल्यावर गेलात की गाईड हमखास एक जागा दाखवतो. साहेबाचे कट्टे. इथं नॉर्मन लॉकियर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं दुर्बीण लावली आणि हेलियमचा शोध लागला, असं सांगितलं जातं. गोष्ट झकास आहे, पण तारखा जुळत नाहीत. १८६८ च्या ग्रहणाच्या वेळी लॉकियर भारतात आलाच नव्हता. त्यानं सूर्याच्या वर्णपटातली ती पिवळी रेषा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडात बसून पाहिली. विजयदुर्गला तो आला १८९८ मध्ये, दुसऱ्या खग्रास ग्रहणाला. तोवर हेलियम पृथ्वीवर सापडूनसुद्धा तीन वर्षं झाली होती.

लॉकियरचा महाराष्ट्राशी खरा आणि जास्त महत्त्वाचा संबंध आला तो पुण्यात, एका पारशी प्रोफेसरांमुळे. त्यांचं नाव कावसजी दादाभाई नायगमवाला. आधुनिक पद्धतीनं ताऱ्यांचा प्रकाश फोडून बघणारी वेधशाळा त्यांनी पुण्यात उभी केली. ती उभी करायचा सल्ला ज्यांनी दिला, त्यात लॉकियर होता. आणि याच वेधशाळेतून नायगमवालांनी लॉकियरच्या सगळ्यात लाडक्या सिद्धांताच्या विरोधात जाणारा पुरावा छापला.

वाद होता एका हिरव्या रेघेचा. म्हणून आधी ती रेघ कुठून आली ते बघू.

आपल्या सूर्यासारखा तारा म्हातारा होतो तेव्हा तो फुगतो. त्याचा तांबडा राक्षसी तारा होतो आणि शेवटी बाहेरचे थर तो अवकाशात सोडून देतो. आत उरतो तो लहानसा, अतिशय तापलेला गाभा. त्याच्यातून निघणारे अतिनील किरण आजूबाजूच्या वायूला पेटवतात, म्हणजे आग लागत नाही, वायू चमकायला लागतो. लांबून बघणाऱ्याला ताऱ्याभोवती चमकतं कडं किंवा गोल दिसतो. याला म्हणतात ग्रहीय तेजोमेघ. जुन्या मराठी पुस्तकांत तेजोमेघाला अभ्रिका असा छान शब्द आहे.

नावात ग्रह असला तरी ग्रहाशी याचा काहीही संबंध नाही. १७८१ मध्ये विल्यम हर्शेलला युरेनस सापडला. पुढच्या काही वर्षांत त्याला दुर्बिणीतून असे फिकट गोलसर डाग दिसायला लागले, ते त्याला युरेनसच्या बिंबासारखे वाटले, म्हणून त्यानं हे नाव दिलं. नाव चुकीचं ठरलं, पण चिकटलं ते चिकटलंच.

हा देखावा फार टिकत नाही. काही हजार वर्षांत, जास्तीत जास्त काही दहा हजार वर्षांत, वायू पसरून विरून जातो आणि मागे श्वेतबटू तारा राहतो. ताऱ्याचं आयुष्य अब्जावधी वर्षांचं, त्यात हे म्हणजे मिनिटभराचं काम. आपल्या सूर्यावरही साधारण पाच अब्ज वर्षांनी हीच वेळ येणार आहे.

बघायचा असेल तर संभाजीनगरकरांना लांब जायला नको. हर्सूल ओलांडून जळगाव रस्त्यानं फुलंब्रीच्या बाजूला, शहराचे दिवे मागे पडेपर्यंत जायचं. पावसाळा संपल्यावर संध्याकाळी पश्चिमेकडे अभिजित तारा ठळक दिसतो. त्याच्याच स्वरमंडळ तारकासमूहात एम ५७ नावाचा तेजोमेघ आहे. चार इंची दुर्बिणीतून तो धुरानं काढलेल्या बारक्या अंगठीसारखा दिसतो. फोटोत असतात तसे रंग दिसणार नाहीत, ती अपेक्षा घरी ठेवून जा.

आता ती रेघ. हर्शेलच्या काळापासून भांडण चालू होतं की हे तेजोमेघ म्हणजे नक्की काय? खूप लांबचे, वेगळे न दिसणारे ताऱ्यांचे झुबके, की खरोखरचा वायू? लंडनच्या विल्यम हगिन्सनं २९ ऑगस्ट १८६४ च्या रात्री याचा निकाल लावला. हगिन्स कापडाचा घरचा धंदा सोडून आकाशाच्या नादी लागलेला माणूस. त्यानं कालेय तारकासमूहातल्या एनजीसी ६५४३ या ग्रहीय तेजोमेघावर दुर्बीण लावली, हल्ली त्याला मांजराचा डोळा म्हणतात. दुर्बिणीला स्पेक्ट्रोस्कोप जोडला होता. म्हणजे प्रकाश लोलकातून नेऊन त्याचे रंग वेगळे करणारं यंत्र.

ताऱ्याचा प्रकाश असा फोडला तर इंद्रधनुष्यासारखा सलग पट्टा दिसतो आणि त्यावर काळ्या रेषा असतात. हगिन्सला पट्टा दिसलाच नाही. अंधारात फक्त दोन-तीन चमकत्या रेघा होत्या आणि त्यातली सर्वांत ठळक रेघ हिरवी. असा वर्णपट विरळ, तापलेल्या वायूचाच असतो. म्हणजे निदान हा तेजोमेघ तरी वायूचाच होता.

एक कोडं सुटलं आणि दुसरं तयार झालं. कारण ती हिरवी रेघ कोणत्याच माहीत असलेल्या मूलद्रव्याशी जुळेना. आधी नायट्रोजन वाटला, पण बारकाईनं मोजल्यावर तो नव्हे असं ठरलं. हीच रेघ मृग नक्षत्रातल्या मोठ्या तेजोमेघातही होती. मृगाचा तेजोमेघ मरणाऱ्या ताऱ्याचा नाही, तिथं उलट नवे तारे जन्माला येतात. पण रेघ तीच.

इथं लॉकियर मैदानात उतरला. माणूस वजनदार. युद्धखात्यातला कारकून ते सूर्याचा मोठा अभ्यासक, नेचर नियतकालिकाचा संस्थापक संपादक, हेलियमवाला. १८८० च्या दशकाच्या शेवटी त्यानं एक भव्य सिद्धांत मांडला. विश्वातलं सगळं काही उल्कांच्या थव्यांपासून बनलंय, तेजोमेघ म्हणजे एकमेकांवर आदळणाऱ्या उल्कांचे थवे. १८९० मध्ये त्याचं यावर जाडजूड पुस्तकही आलं. उल्कांमध्ये मॅग्नेशियम असतंच, आणि मॅग्नेशियम जाळलं की वर्णपटात हिरव्या भागात जवळजवळ त्याच जागी एक पट्टा दिसतो. लॉकियरचं म्हणणं, तेजोमेघाची हिरवी रेघ म्हणजे त्याच पट्ट्याची उरलेली कडा. हगिन्स पतिपत्नींना हे मान्य नव्हतं. दोन्ही बाजू हट्टी, आणि भांडण लंडनच्या शास्त्रीय वर्तुळात चांगलंच तापलं.

या भांडणात पुणे कसं आलं, त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

नायगमवालांचा जन्म १८५७ चा. शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात. १८७८ मध्ये भौतिक आणि रसायनशास्त्र घेऊन ते एमए झाले, तेही कुलपतींच्या सुवर्णपदकासह. पुढे त्याच कॉलेजात प्रयोगांचं भौतिकशास्त्र शिकवायला लागले. हिंदुस्थानी माणसानं विज्ञान शिकवावं इथपर्यंत इंग्रज सरकारची हरकत नव्हती. त्यानं स्वतः संशोधन करावं, हे मात्र तेव्हा सहसा कुणाच्या डोक्यात येत नसे. सरकारी सर्वेक्षणं, हवामान, मद्रासची वेधशाळा, सगळीकडे वर साहेबच.

१८८२ मध्ये भावनगरचे महाराज तख्तसिंहजी एल्फिन्स्टन कॉलेज बघायला आले. वर्णपटाच्या प्रयोगशाळेसाठी त्यांनी ५ हजार रुपये दिले आणि मुंबई सरकारनं तेवढीच भर घातली. यंत्रं विकत घ्यायला नायगमवाला १८८४ मध्ये इंग्लंडला गेले.

गेले होते प्रयोगशाळेची खरेदी करायला. तिथं त्यांना राजज्योतिषी आणि लॉकियर यांनी वेगळाच सल्ला दिला. नुसती प्रयोगशाळा कशाला, सरळ वेधशाळाच काढा, ताऱ्यांचा आणि सूर्याचा वर्णपट तपासणारी. सल्ल्यामागे थोडा स्वार्थही असावा असं मला वाटतं. इंग्लंडचं आकाश ढगाळ, तिथल्या खगोलशास्त्रज्ञांना स्वच्छ आकाशाखाली कुणीतरी हवंच होतं. पण सल्ला चांगला होता आणि नायगमवालांनी तो मनावर घेतला.

१८८५ मध्ये त्यांची पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये बदली झाली, म्हणजे आजचं सीओईपी. त्यामुळे वेधशाळाही मुंबईऐवजी पुण्यात झाली. १८८८ मध्ये ती उभी राहिली. देणगीदाराच्या नावावरून नाव ठेवलं, महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा. तिचं मुख्य यंत्र म्हणजे डब्लिनच्या ग्रब कारखान्याची परावर्ती दुर्बीण. आज ती २० इंची म्हणून ओळखली जाते. त्यानंतर कित्येक दशकं भारतात तिच्याएवढी मोठी दुर्बीण दुसरी नव्हती.

वेधशाळा म्हटल्यावर डोळ्यासमोर मोठा कर्मचारीवर्ग येतो. इथं तसं नव्हतं. जवळजवळ सगळा कारभार एका माणसाच्या जिवावर. दिवसा कॉलेजात शिकवायचं आणि रात्री दुर्बिणीवर बसायचं.

आता परत हिरव्या रेघेकडे. वाद मिटवायचा सरळ मार्ग म्हणजे तेजोमेघाच्या रेघेची आणि मॅग्नेशियमच्या पट्ट्याच्या कडेची जागा अचूक मोजायची आणि त्या जुळतात का बघायचं. पण या दोन्हींतला फरक एका अँगस्ट्रॉमपेक्षाही कमी होता. अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. त्यात अजून एक भानगड. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटर वेगानं फिरते. या वेगामुळेच रेघ सुमारे अर्धा अँगस्ट्रॉम इकडे किंवा तिकडे सरकू शकते. शिट्टी वाजवत जवळ येणाऱ्या रेल्वेचा आवाज चढा वाटतो, तसाच हा प्रकार. तेजोमेघाची स्वतःची गती वेगळीच. म्हणजे ज्या फरकावर भांडण, साधारण तेवढीच रेघ नुसत्या पृथ्वीच्या फिरण्यानं हलणार. नुसती जागा मोजून दोन्ही बाजू आपापलं खरं करू शकत होत्या.

पण दुसरी एक खूण होती, आणि ती गतीमुळे बदलत नाही. रेघेचा आकार. मॅग्नेशियमचा जो पट्टा लॉकियर सांगत होता, त्याची एक कड धारदार असते आणि दुसरीकडे, निळ्या बाजूला, तो हळूहळू पुसट होत जातो. ओल्या कागदावर शाईची रेघ एका बाजूला पसरावी तसं. तेजोमेघाची रेघ जर या पट्ट्याचं अवशेष असेल, तर तीही एका बाजूनं पिसारलेली दिसली पाहिजे. लॉकियरच्या बाजूनं तसं दिसतं असा दावाही होता. हगिन्स म्हणे, रेघ दोन्हीकडून स्वच्छ आहे.

फरक ओळखायला प्रकाश खूप फाकवावा लागतो, म्हणजे ताकदवान स्पेक्ट्रोस्कोप हवा. प्रकाश जितका फाकवाल तितका तो मंद होतो, म्हणून तेजोमेघही ठळक हवा आणि दुर्बीणही मोठी हवी. शिवाय आकाश स्वच्छ हवं. पुण्यात हे सगळं होतं.

मांजराच्या डोळ्यापेक्षा मृगाचा तेजोमेघ पुण्यातून बघायला सोयीचा. मांजराचा डोळा उत्तरेला फार तर ४२ अंशांपर्यंत वर येतो. मृगाचा तेजोमेघ बाणाच्या तीन ताऱ्यांच्या जरा खाली, हिवाळ्यात जवळपास ६६ अंश वर चढतो, नुसत्या डोळ्यांनाही धूसर दिसतो. इंग्लंडातून तो जेमतेम ३०-३५ अंशांवर, क्षितिजाजवळच्या जाड हवेत लडबडलेला. त्यात पुण्याचा हिवाळा कोरडा आणि रात्री निरभ्र. अशा रात्रींचा फायदा काय असतो ते लंडनमधल्या माणसाला विचारावं.

नायगमवालांनी मृगाच्या तेजोमेघाची ती मुख्य रेघ ताकदवान स्पेक्ट्रोस्कोपमधून पाहिली, वेगवेगळ्या परिस्थितीत पाहिली. प्रत्येक वेळी ती बारीक आणि दोन्ही बाजूंनी धारदारच दिसली. पिसारा नाही, पुसटपणा नाही. म्हणजे ती मॅग्नेशियमच्या पट्ट्याचं अवशेष असू शकत नाही. १८९१ मध्ये लंडनच्या रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिक पत्रिकेत त्यांचं हे टिपण छापून आलं.

यात पणाला काय लागलं होतं ते लक्षात घ्या. वय ३४ च्या आसपास. वसाहतीतला प्रोफेसर, वेधशाळा नवीकोरी आणि तिची पत सगळी लंडनच्या ओळखींवर. वेधशाळा काढ म्हणून सांगणाऱ्यांमध्ये जो माणूस, त्याच्याच सिद्धांताच्या मुळावर येणारी गोष्ट दिसली. थोडं गुळमुळीत लिहिता आलं असतं. रेघ कधी धारदार वाटते, कधी नाही, असं म्हणून दोन्ही घरं राखता आली असती. मंद उजेडात डोळ्यानं केलेल्या निरीक्षणात तेवढी पळवाट नेहमीच असते. त्यांनी ती घेतली नाही.

उगाच मोठेपणा द्यायलाही नको. वाद एकट्या नायगमवालांनी मिटवला असं नाही. हगिन्स आधीपासून तेच म्हणत होता. अमेरिकेत लिक वेधशाळेत जेम्स कीलर ३६ इंची दुर्बीण घेऊन बसला होता. त्यानं तेजोमेघाची गती हिशेबात धरून रेघेची जागा इतकी नीट मोजली की ती मॅग्नेशियमच्या कडेपासून वेगळी आहे हे स्पष्ट झालं. पण कीलरनं जागेवरून जे सांगितलं, तेच पुण्यानं आकारावरून सांगितलं. दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर आलं. आणि हगिन्स तर वादातला एक पक्षच होता, त्याच्या शब्दाला त्या प्रश्नात पूर्ण वजन कसं मिळणार? पुण्याचा माणूस हगिन्सचा नव्हता. असलाच तर लॉकियरच्या बाजूचा म्हणता आला असता.

यानंतरचं त्यांचं सर्वांत मोठं काम म्हणजे १८९८ चं ग्रहण. २२ जानेवारीला खग्रास सूर्यग्रहणाची सावली कोकण किनाऱ्यावरून आत शिरून विदर्भ ओलांडत पुढे गेली. अख्ख्या जगातले खगोलशास्त्रज्ञ महाराष्ट्रात उतरले. लॉकियर विजयदुर्गला, इंग्लंडची एक तुकडी वर्ध्याजवळ पुलगावला, अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा कॅम्पबेल करमाळा तालुक्यातल्या जेऊरला. नायगमवालांनीही जेऊरलाच तळ टाकला. काळ कसा होता बघा. पुण्यात प्लेग, आणि रँडवर गोळ्या झाडल्या त्याला जेमतेम सात महिने झालेले. अशा वेळी यंत्रांची खोकी घेऊन माळरानावर जायचं आणि जेमतेम दोन मिनिटांच्या अंधारात सूर्याच्या कडेचा वर्णपट टिपायचा. मोहिमेचा सविस्तर अहवाल १९०२ मध्ये मुंबईत छापला गेला. स्वतःच्या वेधशाळेची मोहीम घेऊन परदेशी तुकड्यांच्या शेजारी तंबू ठोकणारा हिंदुस्थानी शास्त्रज्ञ तेव्हा दुर्मीळच.

१९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद झाली. त्यांच्या जागी कुणाला नेमायचा प्रश्नच उरला नाही, कारण सरकारच्या दृष्टीनं ती बंद करून यंत्रं हलवणंच सोयीचं होतं. दक्षिणेत कोडाईकनालला सरकारी सौर वेधशाळा तोवर जोरात सुरू होती. पुण्याची यंत्रं तिकडे गेली. कोडाईकनालचं मुख्य काम सूर्याचं, त्यामुळे रात्रीचं आकाश बघणाऱ्या मोठ्या दुर्बिणीला तिथं पहिल्यासारखं काम नव्हतं. २४ वर्षांत पुण्यात जे जमलं होतं, त्याला वारसदार तयार झाला नाही. यात दोष एका माणसाच्या कारभाराचा किती आणि सरकारच्या अनास्थेचा किती, हे तुम्हीच ठरवा. मला दुसरं पारडं जड वाटतं.

आणि ती हिरवी रेघ? मॅग्नेशियम बाद झाल्यावर मूळ प्रश्न तसाच राहिला. हेलियमचं उदाहरण समोर होतंच. आधी सूर्यात रेघ दिसली, नाव ठेवलं, आणि १८९५ मध्ये विल्यम रॅम्झेला तोच वायू पृथ्वीवर मिळाला. म्हणून तेजोमेघातही नवं मूलद्रव्य असणार असं धरून त्याला नेब्युलियम म्हणायला लागले. पण मूलद्रव्यांच्या तक्त्यातली घरं एकेक करून भरत गेली आणि नेब्युलियमला जागाच उरली नाही.

१९२७ मध्ये अमेरिकेच्या आयरा बोवेननं उत्तर दिलं. नवं काहीच नव्हतं, तो ऑक्सिजन होता. दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन. अशा अणूत इलेक्ट्रॉन एका विशिष्ट पातळीवर अडकून बसतो आणि तिथून उतरून हिरवा प्रकाश सोडायला त्याला बरेच सेकंद लागतात. आपल्या खोलीतल्या हवेत एका घन सेंटिमीटरमध्ये एकावर एकोणीस शून्यं इतके रेणू असतात. एवढ्या गर्दीत अणूला इतका वेळ निवांत मिळतच नाही, कुणीतरी येऊन धडकतं आणि ऊर्जा निघून जाते. प्रयोगशाळेतल्या निर्वातातही पुरेशी शांतता नसते. तेजोमेघात मात्र घन सेंटिमीटरला काही हजार कणच असतात, कधी त्याहूनही कमी. तिथं अणूला थांबायला वेळ मिळतो आणि ती रेघ उमटते. रेघ बारीक आणि धारदार का, तेही यात आलं. मॅग्नेशियमचा तो पट्टा रेणूचा असतो, असंख्य जवळजवळच्या रेघांचा मिळून बनलेला, म्हणून पसरट. ही एकट्या अणूची एकच उडी.

नायगमवाला १९३८ मध्ये वारले, म्हणजे हे उत्तर त्यांच्या हयातीतच आलं होतं. त्यांची दुर्बीण आजही भारतीय ताराभौतिकी संस्थेकडे आहे. तिला भावनगर दुर्बीण म्हणतात.